रामाभाऊंच्या बत्त्या

माझ्या दुकानात झेरॉक्स, प्रिंट, स्कॅनिंग आणि लॅमिनेशन करून मिळतं. इथे वाद घालू नये, असंही एका कागदावर छापून भिंतीला लावायचं माझ्या फार दिवसांपासून मनात आहे. पण आमचे हे म्हणतात, शैला, तसं लावलंस तर तो नियम पहिल्यांदा तूच मोडशील. असो. पालघर स्टेशनातून बाहेर पडून कचेरीकडे निघालं की चष्म्याच्या दुकानाला लागून माझं दुकान. सातबाराच्या उताऱ्यांपासून कॉलेजच्या प्रोजेक्टपर्यंत सगळं माझ्या हाताखालून गेलंय, त्यामुळे कोण काय छापायला आणतो याचं मला आताशा नवल वाटत नाही. रामा तामोरेंचं मात्र वाटलं.

पहिल्यांदा आले ते एका जुन्या मासिकाचं गुळगुळीत पान घेऊन. पानावर साड्यांची जाहिरात होती. पन्नाशीचा माणूस, अंगात कँटीनवाल्यांचा पांढरा शर्ट, खिशाला हळदीचा डाग. पेनड्राइव्ह काढून काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "ताय, ह्यातलं चित्र ह्या पानावर छापायचं हाय."

"ह्या जाहिरातीवर?"

"हो. बाईच्या तोंडावर आलं तरी चाललं."

"असला कागद मशीनमध्ये अडकतो. साध्या कागदावर काढून देते."

"साधा नाय चालत. साधा कागद शाई धरून ऱ्हातो. मला ती सोडनारा कागद पायजे."

शाई धरून ठेवणारा तो चांगला कागद, असं मी इतकी वर्षं समजत होते. त्यांच्या समाधानासाठी पान घातलं आणि ते अडकलं. रामाभाऊंनी मशीन उघडून ते ओढून काढलं. त्यात एक बारकी स्प्रिंग त्यांच्या हातात राहिली. ती कुठे बसते ते त्या दिवशीही आम्हाला कळलं नाही आणि आजही कळलेलं नाही. मशीन चालतंय. स्प्रिंग माझ्या गल्ल्यात आहे.

दुसऱ्या पानावर चित्र नीट आलं. काळ्या जाड-बारीक रेघा, त्यांच्या टोकांना ठिपके, मधे कुठे कुठे वळणं. मी विचारलं हे काय, तर त्यांनी तिथेच उभं राहून सगळं समजावलं, आणि मागे दोन गिऱ्हाईकं खोळंबली. फायबरची पाटी असते, तिच्या एका अंगाला तांब्याचा पातळ पत्रा चिकटवलेला असतो. त्या तांब्यावर हा कागद पालथा ठेवायचा आणि वरून गरम इस्त्री दाबून फिरवायची. माझ्या मशीनची शाई वितळते आणि तांब्याला चिकटते. मग पाटी पाण्यात भिजवायची, कागद बोटांनी चोळून काढायचा, की तांब्यावर नुसत्या काळ्या रेघा उरतात. मग ती फेरिकच्या पाण्यात टाकायची. फेरिक म्हणजे एक तपकिरी रसायन. ते उघडं तांबं खाऊन टाकतं. शाईखालचं तांबं तेवढं वाचतं, आणि वाचलेल्या त्या रेघा म्हणजेच तारा. त्यावर सुटे भाग डागले की झालं सर्किट.

थोडक्यात, माझ्या मशीनची शाई त्यांच्या तांब्याची राखण करायची. मला ते ऐकून बरं वाटलं, हे मी त्यांना सांगितलं नाही.

रामाभाऊ शिरगावचे, मच्छीमारांच्या घरातले. मीही शिरगावचीच, पण आम्ही वाडीवाले. आमची केळी-नारळाची वाडी गावाच्या अलीकडे, त्यांची घरं किनाऱ्याला लागून. त्यांच्या बापाची होडी होती. मिसरूड फुटायच्या आत बापाने रामाला होडीवर घेतलं आणि होडी जरा आत गेली, की रामा ओकायला लागला. आज सवय होईल, उद्या होईल, असं करत बापाने अख्खा हंगाम काढला. सवय झाली नाही. खलाशी हसायला लागले तसं बापाने त्याला घरी ठेवलं आणि धाकट्या सुजीतला उचललं. सुजीत पहिल्याच दिवशी होडीच्या टोकाला उभा राहून जेवला म्हणतात. तेव्हापासून होडी सुजीतची आणि रामा घरातला. पुढे बोईसरला एका कंपनीच्या कँटीनमध्ये तो आचारी झाला. दोनशे माणसांची डाळ करतानाही मीठ-मसाला कधी मोजावा लागला नाही, असं ते स्वतः सांगतात. हात चांगला आहे.

पण मच्छीमाराच्या घरात ज्याला दर्या लागतो त्याचं काय होतं, ते मी लहानपणापासून पाहत आलेय. कोणी टाकून बोलत नाही. नुसतं विचारत नाहीत. जाळं कुठलं घ्यायचं, होडीला रंग कधी द्यायचा, यातलं काहीही त्याला विचारायचं नाही. रामाभाऊंना पन्नाशीपर्यंत कोणी विचारलं नव्हतं.

सर्किटचं वेड लागलं ते कँटीनमध्येच. तिथल्या पीठ मळायच्या मशीनचा कंट्रोल जळला. कंपनीच्या बिहारी इलेक्ट्रिशियनने तो बदलला आणि जुना बोर्ड कचऱ्यात टाकायला निघाला. रामाभाऊंनी मागितला. "ले जाओ रामाभाई, भंगार है," तो म्हणाला. त्या बोर्डाच्या पाठीवरच्या तांब्याच्या रेघा पाहून रामाभाऊंना वाटलं, हे तर हाताने काढता येईल. मग मोबाइलवर व्हिडिओ पाहणं आलं, मुंबईहून सामान मागवणं आलं आणि नलूवहिनींची इस्त्री गेली.

नलूवहिनी म्हणजे त्यांची बायको. सुकी मासळी विकायला पालघरच्या बाजारात बसतात, येता-जाता माझ्याकडे टेकतात. त्यांच्याकडून मला दुसरी बाजू कळायची. इस्त्रीला काळा राप बसला. मग पोलक्यावर रेघा उमटल्या. मासे धुवायचं प्लॅस्टिकचं घमेलं फेरिकसाठी गेलं. मोरीतल्या फरशीला पिवळे डाग पडले, ते निघेनात.

"पन एक हाय ताय," त्या म्हणायच्या, "त्याचं ते पानी गटारात नाय टाकत. मीच बोलले व्हते. आमी गाव मिलून ओरडतो, खाडीत रसायन सोडतात म्हनून, न् आमच्याच मोरीतून जानार?"

रामाभाऊंनी त्यावर उपाय शोधला होता. वापरून झालेल्या फेरिकमध्ये धुण्याचा सोडा घालायचा, खाली बसलेला गाळ सिमेंटमध्ये कालवायचा आणि त्याचं ढेकूळ करून ठेवायचं. परसात अशा ढेकळांची रांग झाली होती. वहिनींनी त्यातली दोन दाराला अडण म्हणून लावली होती.

सुरुवातीचे बोर्ड बिघडलेच. एकदा चित्र उलटं आलं. सगळे भाग बसवून झाल्यावर त्यांना कळलं, की भागांचे पाय भलत्याच भोकांत गेलेत. पाण्याची टाकी भरली की वाजणारी घंटी केली, ती टाकी रिकामी झाली की वाजायची. मी म्हटलं, निदान वाजते तरी. ते गंभीरपणे म्हणाले, "हां, तेवढं हाय." मी एवढं चिडवायचे, पण हा माणूस कधी चिडला नाही. मला अशा माणसांचा रागच येतो.

मग त्यांनी बत्ती करायला घेतली.

समुद्रात सोडलेलं जाळं लांबच लांब असतं. त्याच्या एका टोकाला होडी आणि दुसऱ्या टोकाला तरंगता बोया. बोयावर बांबू, बांबूवर रात्री लुकलुकणारी बत्ती, म्हणजे दुसऱ्या होड्यांना कळावं इथे जाळं आहे. बाजारात तयार बत्त्या मिळतात, स्वस्तही असतात. मी तसं म्हटलंच.

"मिलतात, पन टिकत नाय ताय. आमचा वारा तांबं खातो. हंगाम सरायच्या आत आतला बोर्ड हिरवा पडतो. मी करनार त्याला वरून व्हार्निश देनार. वारा आत जायलाच जागा नाय ठेवनार."

अंधार पडला की आपोआप लुकलुकायला लागेल आणि उजाडलं की आपोआप बंद होईल, असा तो बोर्ड होता. माझ्याकडे निदान आठ-दहा खेपा झाल्या. एकदा रेघा फार बारीक आल्या, एकदा फार जवळ. शेवटी जमलं. जाड काचेच्या बाटलीत बसवलेली, झाकण मेणाने बंद केलेली बत्ती त्यांनी मला आणून दाखवली. दुकानातला दिवा बंद केला आणि बाटलीवर हात धरला, तर आतला लाल दिवा लुकलुकू लागला. आधार कार्डाची झेरॉक्स घ्यायला आलेल्या म्हातारीने हात जोडले.

"सुजीत घेईल का?" मी विचारलं.

"घेतो म्हनला."

एवढंच म्हणाले, पण चेहरा बघण्यासारखा होता. नारळी पौर्णिमेनंतर होड्या निघाल्या तेव्हा सुजीतच्या बोयावर दादाची बत्ती होती. बापाच्या होडीवर इतक्या वर्षांत पहिल्यांदा रामाभाऊंचं काहीतरी चढलं होतं. त्या महिन्यात ते दोनदा काही काम नसताना दुकानात आले आणि दोन्ही वेळा सुजीत काय म्हणाला ते सांगून गेले. सुजीत म्हणाला होता, "चांगली हाय." दोन्ही वेळा तेवढंच.

दिवाळी झाल्यावर सुजीतचं जाळं फाटलं.

शेजारच्या गावचा निमेश रात्री आपली होडी घेऊन परतत होता. सुजीतच्या जाळ्याच्या दुसऱ्या टोकावरून त्याची होडी गेली, जाळं पंख्यात गुरफटलं आणि मोठा पट्टा चिंध्या होऊन आला. निमेश म्हणाला, तिथे बत्ती नव्हती. सुजीत म्हणाला, होती. खरं तर सुजीतने ती पाहिली नव्हती. बोया सोडला तेव्हा अजून उजेड होता, म्हणजे बत्ती लुकलुकायची वेळच झाली नव्हती. नंतर मधे धुकं आलं. पेटली असणार, असं त्याने धरून चाललं, कारण ती दादाची होती.

त्यांच्यात एक रीत आहे. बत्ती लावलेलं जाळं कोणी फाडलं, तर फाडणाऱ्याने आपले खलाशी घेऊन किनाऱ्यावर बसायचं आणि ते शिवून द्यायचं. बत्ती नसेल, तर ज्याचं जाळं त्याचं नशीब. निमेशकडे माणसं भरपूर होती, त्याने चार दिवसांत शिवून दिलं असतं. सुजीतकडे दोन खलाशी. त्यांच्याने ते काम होईपर्यंत मासळीचे चांगले दिवस निघून गेले असते. म्हणून सगळं त्या बत्तीवर येऊन ठेपलं. रविवारी मच्छीमारांच्या संस्थेच्या शेडमध्ये दोन्ही गावांची सभा ठरली.

सभेच्या आदल्या दिवशी रामाभाऊ दुकानात आले. पिशवीतून सुजीतच्या बोयावरची बाटली काढली. बाटली धड होती, मेण धड होतं, आत पाण्याचा थेंब नव्हता, पण हाताने झाकली तरी दिवा लागत नव्हता. त्यांनी ती माझ्यासमोर फोडली आणि बोर्ड सोडवून माझ्या हातात दिला.

"ताय, ह्याचं मोठं चित्र काढा. होईल तेवढं मोठं."

मी तो स्कॅनरच्या काचेवर ठेवला. स्क्रीनवर वाढवत नेला तसं दिसायला लागलं. व्हार्निशच्या आत, तांब्याच्या रेघांच्या कडेने, बारीक हिरवट धागे पसरले होते. एके ठिकाणी तर रेघच नव्हती. दोन टोकं आणि मधे हिरवा डाग.

"होडीचा दणका बसला असेल, तुटली असेल त्याने," मी म्हटलं.

"दनक्यानं तुटली तं चकचकीत तुटंल. ही सडलीय. सडायला दीस लागतात."

"पण व्हार्निश दिलं होतं ना? आत वारा गेला कसा?"

रामाभाऊ स्टुलावर बसले.

"मीच घातला," ते म्हणाले.

मग कळलं. फेरिकमधून काढलेला बोर्ड धुतल्यावर खडखडीत वाळवावा लागतो, मग व्हार्निश. त्यांनी तो वलांडीवर वाळवला होता. वलांडी म्हणजे बोंबील वाळत टाकायची बांबूंची मांडणी, किनाऱ्यावर प्रत्येक घराची असते. त्या घरात जे म्हणून वाळवायचं ते वलांडीवर जातं. बोंबील, करदी, पापड, गोधड्या, पोरांची दप्तरं. बोर्ड दोन दिवस वलांडीवर बोंबलांच्या शेजारी अडकवलेला होता आणि त्यांना त्यात काही वेगळं वाटलं नव्हतं. दर्यावरून येणारा खारा वारा त्या तांब्यावर मीठ बसवत राहिला. डोळ्यांना दिसेल एवढं नव्हतं ते. मग त्यांनी वरून व्हार्निश दिलं, एक हात, दुसरा हात, तिसरा हात. वाऱ्याला बाहेर ठेवायला एवढा खटाटोप केला आणि मीठ आत कोंडून टाकलं.

मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. त्यांचा चेहरा पाहवत नव्हता.

"सुजीतला सांगितलंत?"

"नाय. तो म्हनतो, बाटली फुटली नाय, पानी गेलं नाय, म्हंजे दनका बसंस्तोवर पेटलीच व्हती. उद्या मी उभं ऱ्हाऊन तेवढंच म्हनायचं. मी केलेली बत्ती, माजा शबूद धरतील."

"मग म्हणा ना."

ते माझ्याकडे बघायला लागले.

"काय बघता? त्या सभेत कुणाला कळणार आहे व्हार्निशच्या आत काय सडलं ते? निमेश शिवून देईल, सुजीतचा हंगाम वाचेल, विषय संपला. आयुष्यात पहिल्यांदा तुम्हाला तुमच्या होडीवाल्यांनी काहीतरी विचारलंय आणि तुम्ही उभं राहून काय सांगणार? मी बोंबलाबरोबर बत्ती वाळवली?"

"निमेश खोटा पडंल ना, ताय."

"पडू दे!"

मी अशी आहे. आणि मला अजूनही माझं म्हणणं फारसं चुकीचं वाटत नाही. घरचं माणूस आधी, निमेश मागाहून. रामाभाऊंनी बोर्ड रुमालात गुंडाळला. स्कॅनचे किती झाले, म्हणून विचारलं. मी चिडले होते, हातानेच जा म्हणून खूण केली.

पुढचं नलूवहिनींनी सांगितलं. मंगळवारी टोपली घेऊन आल्या त्या सरळ माझ्या दुकानात.

"उभा ऱ्हायला तो. सुजीत म्होरं बसला व्हता, आता आपला दादा सांगंल म्हनून. ह्यानं रुमाल सोडला, बोर्ड वर धरला न् म्हनला, बत्ती बंद व्हती. जालं फाटलं त्याच्या आदीपासूनच बंद असंल. चूक माजी, मी ती वलांडीवर वालवली. निमेशला दिसली नाय त्यात त्याचा दोस नाय."

"मग?"

"मग काय, कोनी तरी हसला मागून. म्हनला, उद्या इंजीनपन खारवून ठेव रामा, टिकंल. सगली शेड हसली. सुजीत नाय हसला. तो उठला न् म्हनला, तू होडीवर ओकलास तवाच बापाला कललं व्हतं, दर्याच्या कामाला तुजा हात लागू नये. मलाच कललं नाय. आजपासून माज्या जाल्याला तुजा हात नको."

"रामाभाऊ काय म्हणाले?"

"घरी येऊन आमटी केली. मीठ दोनदा घातलं."

वहिनींनी टोपली उचलली, मग पुन्हा खाली ठेवली. सभेच्या दुसऱ्या दिवशी रामाभाऊ जाळं शिवायला किनाऱ्यावर गेले होते, ते त्यांनी सांगितलं. कँटीनमधून रजा काढून गेले होते. सुजीतने त्यांच्या हातातून जाळ्याची सुई काढून घेतली आणि खलाशाकडे दिली. शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं वहिनी म्हणाल्या.

त्यानंतर रामाभाऊ माझ्याकडे यायचे बंद झाले. गुळगुळीत कागद नाही, पेनड्राइव्ह नाही, मागे गिऱ्हाईकं खोळंबणं नाही. मशीन एकदाही अडकलं नाही. दुकान कसं शांत चाललं होतं, आणि मला ते अजिबात आवडत नव्हतं. मला वाईट वाटत होतं, सरळच सांगते. त्या माणसाला मी खोटं बोल म्हणून सांगितलं, त्याने ऐकलं नाही आणि त्याचं सगळं गेलं. बरोबर मी ठरले होते आणि तरी मलाच चैन पडत नव्हतं.

एकदा सकाळी स्टेशनच्या पुलावर भेटले, बोईसरला निघाले होते.

"नवीन काय चाललंय?" मी विचारलं.

"बंद केलं, ताय. नलूला घमेलं परत दिलं धुवून."

"वापरलं त्यांनी?"

"नाय. ती म्हनते, आता त्यात मासे धुवायचे नाय कदी." मग म्हणाले, "गाडी आली," आणि गेले. गाडी यायला अजून अवकाश होता.

संक्रांत झाली. एका दुपारी दुकानात एक दणकट माणूस आला, कानात बाळी, हातात स्टीलचं कडं, आणि त्याच्या मागे, शाळेत पकडून आणलेल्या मुलासारखे रामाभाऊ.

"ह्याचं काय ते चित्र असतंय ते छापून द्या," तो माणूस म्हणाला. "मी निमेश."

मी रामाभाऊंकडे पाहिलं. ते भिंतीवरचं कॅलेंडर बघत होते.

"तीनदा गेलो ह्याच्या घरी," निमेश म्हणाला. "नाय म्हनतो. मी आता नाय करत, बाजारातली घे म्हनतो. बाजारातली बंद पडली तं कोन मला सांगायला येनार हाय? ह्याची बंद पडली, तं ह्यो सोता उभा ऱ्हाऊन सांगतो, भावाचं नुसकान करून सांगतो. मला असल्याच मानसाची बत्ती पायजे. तुमी समजवा ह्याला."

मी कशाला समजावू? मी नुसतं मशीन सुरू केलं आणि रामाभाऊंपुढे हात केला. त्यांनी शर्टाच्या आतून घडी न घातलेलं, सपाट जपलेलं गुळगुळीत पान काढलं. म्हणजे घेऊनच आले होते. नाही नाही म्हणत माणूस काय काय घेऊन फिरतो!

ह्या खेपेला त्यांनी बोर्ड विहिरीच्या मचूळ पाण्याने धुतला नाही, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात त्या पाण्याने शेवटचा हात दिला. आणि वाळवला तो घट्ट झाकणाच्या डब्यात, कोरड्या भाजलेल्या तांदळांवर. डबा वहिनींनी स्वतः काढून दिला. तांदूळही त्यांनीच भाजले. बत्ती निमेशच्या बोयावर चढली. काही दिवसांनी निमेशचा निरोप आला, की दुसऱ्या जाळ्यालाही एक पाहिजे.

त्या दुसऱ्या बत्तीची प्रिंट काढायला रामाभाऊ आले होते तेव्हाची गोष्ट. मी पान मशीनमध्ये सरकवत होते, एक गृहस्थ आधार कार्ड घेऊन उभे होते, आणि दुकानासमोर मोटरसायकल थांबली. उतरला तो माणूस मी पूर्वी गावात लांबून पाहिलेला होता. उन्हाने रापलेला, रामाभाऊंपेक्षा वीतभर उंच, कपाळ मात्र तंतोतंत तेच. सुजीत.

आत आला. भावाकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघून बोलला.

"ताय, ह्याला सांगा. परक्याच्या जाल्याला उजेड न् भावाच्या जाल्याला कालोख, ही कुटली रीत?"

रामाभाऊही मशीनकडे तोंड करूनच म्हणाले, "ताय, त्याला सांगा. माजा हात नको म्हनला व्हता तो. चारचौघांत."

"ताय, ह्याला सांगा, म्हनलो व्हतो. रागात म्हनलो. पन ह्यानं काय केलं ते इचारा. बत्ती बंद व्हती हे ह्याला शनवारीच ठावं व्हतं. तुमाला ठावं व्हतं. नलूवैनीला ठावं व्हतं. मी म्होरं बसून हसत व्हतो, न् मला सगल्या गावाबरोबर कललं."

मला वाटत होतं, त्याला फाटलेल्या जाळ्याचा राग आहे. इतके दिवस सगळे तेच धरून चाललो होतो. रामाभाऊंनी आता पहिल्यांदा मान वळवली.

"ताय, त्याला सांगा—"

"मी कुणाला काही सांगणार नाही!" मी ओरडलेच. "एका आईच्या पोटचे ना तुम्ही? तोंडं आहेत ना? एकमेकांशी बोला, नाहीतर दोघंही बाहेर व्हा. गिऱ्हाईक खोळंबलंय."

"माझं नंतर झालं तरी चालेल," आधार कार्डवाले गृहस्थ म्हणाले आणि स्टुलावर बसले.

मी मशीनचं बटण दाबलं. रामाभाऊ काउंटरच्या कडेवरून बोट फिरवत होते. शेवटी तेच बोलले, अगदी हळू.

"तुला आदी सांगितलं असतं, तं तू गप ऱ्हा म्हनला असतास. न् तू म्हनलास तं मी गप ऱ्हायलो असतो."

सुजीतने हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं. मशीनमधून बाहेर येणाऱ्या पानाकडे तो बघत होता. साडीतल्या बाईच्या चेहऱ्यावर काळ्या रेघा उमटत होत्या.

"माज्या दोन्ही जाल्यांना लागतील," तो म्हणाला. "एकेका बोयावर दोन, एक गेली तं दुसरी. चार कर, दादा. न् परत बंद पडली तं पयलं मला सांग. मी गप ऱ्हा म्हनलो तरी सांग. सभेत मग दोगं जाऊ."

रामाभाऊंनी मान हलवली. पिशवीतून आणखी पानं काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवली. मी चार प्रती काढल्या.